फक्त सोबतीला चल

मोहालीच्या विमानतळालगत, एअरोसिटीत राहणाऱ्यांना विमानाचा आवाज ऐकू येत नाही. पहिले काही आठवडे येतो, मग कान त्याला वगळतात. मानेकाकूंच्या कानांनी तो कधीच वगळला नाही. विमान डोक्यावर आलं की त्या बोलता बोलता थांबत. हात जिथे असेल तिथे, तोंड अर्धवट उघडं. आवाज धावपट्टीकडे विरला की ज्या शब्दावर थांबल्या होत्या त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू. 'मेथी घेतली, पण ती' इथे विमान यायचं आणि ते गेल्यावर 'जून निघाली.' मध्ये आपण काही बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांचे यजमान हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. उभा संसार विमानतळांच्या कुंपणालगत झाला होता. विमानाच्या वरताण ओरडण्यात अर्थ नाही, हे त्यांनी फार आधी ठरवलं असावं.

आता त्या इथे नाहीत. विमानं येतात. कुणी थांबत नाही.

घराचा तळमजला मान्यांचा होता. वरचा मजला माझ्याकडे भाड्याने होता, अजूनही आहे. मी चंदीगडच्या एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काम करतो, म्हणून काकू मला 'पेपरवाले' म्हणत. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, कोरेगाव तालुक्यातल्या. इतक्या बदल्या होऊनही त्यांच्या बोलण्यातून कोरेगाव हललं नव्हतं. हिंदीही त्या कोरेगावचीच बोलत. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या रेहडीवाल्याला विचारत, 'भैया, ये भेंडी कवळी है क्या?' पहिल्या वर्षी तो गोंधळायचा. पुढे तो गल्लीच्या तोंडाशीच ओरडू लागला, 'कवळी है माता जी, एकदम कवळी!' त्याच्या मागून बाकीच्या पंजाबी बायकाही कवळी भेंडी मागू लागल्या.

साडीवर काकांचा जुना निळा स्वेटर आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा हिवाळ्याचा वेश. उन्हाळ्यात स्वेटर तेवढा जाई. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे. थंडीत मटार, उन्हाळ्यात लसूण. समोर येऊन बसणाऱ्याच्या पुढ्यात त्या ताटली सरकवत आणि म्हणत, 'बसून काय करायचं? सोला.' एकदा बँकेचा माणूस कसल्याशा विम्याची योजना समजावून सांगायला आला. अर्धा किलो मटार सोलून, योजना न विकता तो परत गेला.

त्या घराच्या मागच्या खोलीत मुग्धा भाड्याने राहायला आली. बार्शीची, मोहालीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वय पंचविशीच्या अलीकडे. इथून पुढचं बरंचसं मला तिच्याकडून कळलेलं आहे. हा मजकूर तिने वाचला आहे, आणि एका जागी एक शब्द बदलून बाकीचा तसाच जाऊ द्यायला सांगितला आहे.

जूनमध्ये इथे लू वाहते, अंग भाजणारा गरम वारा. मुग्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून कामावर जायची आणि पूर्ण बाह्यांचेच कपडे घालून घरात वावरायची. एका रविवारी काकू तिला भाकरी थापायला शिकवत होत्या. बाह्या वर कर म्हणाल्या. तिने केल्या नाहीत. कापडाला पीठ लागलं, ओलं झालं, तरी केल्या नाहीत. काकूंनी पुन्हा सांगितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि तव्याकडेच बघत विचारलं, 'दुखतंय का?'

'कुठे?'

'ते तू सांग.'

भाकरी फुगून उतरली, दुसरी पडली, आणि मग मुग्धाने सांगितलं. कॉलेजात असल्यापासून ती स्वतःला इजा करत होती. मध्ये बंद होतं. इथे आल्यावर पुन्हा सुरू झालं होतं. काकूंनी कपाळावर हात मारला नाही, शपथ घातली नाही, आईला कळवते असंही म्हटलं नाही. 'मरून जावं असं वाटतं का गं?' हे मात्र त्यांनी सरळ विचारलं. मुग्धा म्हणाली, 'तसं नाही. आतलं जरा वेळ शांत होतं, एवढंच.' हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

'डॉक्टरला दाखवलंस?'

'मी वेडी नाहीये, काकू.'

'मी कुठं म्हटलं?'

मग मुग्धाने आपली अडचण सांगितली. कंपनीच्या विम्यातून उपचार घेतले तर ऑफिसात कळणार. मानसोपचार विभागाबाहेर कुणी पाहिलं तर चंदीगड-मोहालीकडच्या सगळ्या मराठी घरांत कळणार. तिथून बार्शीला. आईने स्थळं बघायला सुरुवात केली होती. मागे धाकटी बहीण होती. 'माझं राहू दे, तिचं पण जमणार नाही,' ती म्हणाली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मान्यांची बदली आसामात असताना शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बाई होती. तिला देवाला नेलं, मांत्रिकाकडे नेलं, माहेरी नेऊन ठेवलं, फक्त दवाखान्यात नेलं नाही. काकू त्या बाईबद्दल एवढंच सांगत. पुढे काय झालं असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

त्या आठवड्यातच काकू मुग्धाच्या दारात उभ्या राहिल्या. 'मुग्धे, मला झोप लागत न्हाई बघ. डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं म्हणते. काकांना हे असलं काही कळत न्हाई, आणि माझी हिंदी तुला ठाऊक आहे. तू फक्त सोबतीला चल.'

काकूंची झोप अशी होती की, त्या घोरू लागल्या की काका उठून टेरेसवर येत. मुग्धाला ते माहीत होतं. तरी ती गेली. सोबतीला जायला तिला भीती वाटत नव्हती.

शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गर्दी असते तशी होती. काकूंनी खिडकीवर दोन कार्डं काढून घेतली, एक स्वतःच्या नावाचं, एक मुग्धाच्या. बाकावर बसून पिशवीतून लसूण काढला. शेजारच्या सरदारजींपुढे दोन गड्डे ठेवले, 'सोला' हे त्यांना हाताने दाखवलं. सुरक्षारक्षक वासाची तक्रार करायला आला तेव्हा सरदारजींनीच त्याला गप्प केलं. मुग्धा खाली मान घालून बसली होती. हळूहळू तिने मान वर केली. समोर एक कॉलेजातला मुलगा होता, शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिचे वडील होते, बँकेचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेला एक माणूस होता. भयंकर असं कुणीही नव्हतं.

काकूंनी तिचं कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. 'आता आलोच आहोत. दाखवायचं नसंल तर ह्यात लसणाची सालं गुंडाळू.'

मुग्धा हसली. त्या बाकावर आपण हसू असं तिला वाटलं नव्हतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा ती उठून आत गेली. डॉक्टर मध्यमवयीन पंजाबी बाई होत्या. त्यांनी बाह्या वर करायला सांगितलं नाही. आधी विचारलं, 'रोटी खादी, पुत्त?' जेवलीस का, बाळा. मुग्धाला रडू फुटलं ते तिथे.

काकूंचा एक नियम त्या दिवसापासून सुरू झाला. दवाखान्यातून थेट घरी यायचं नाही. आधी सेक्टर १७च्या बाजारात जायचं, प्लाझात बसायचं, कोनातलं सॉफ्टी आइस्क्रीम खायचं आणि मग घर. 'कुठं गेला होता विचारलं तर सतराला गेलो होतो म्हणायचं. खोटं बोलायला नको.' माझी रात्रपाळी असे, त्यामुळे सकाळी गाडी मोकळी असायची. बऱ्याचदा मी त्यांना सोडत असे. मला कारण सांगितलं गेलं होतं ते काकूंच्या झोपेचं. तीन माणसांच्या गाडीत दोघींना ते खोटं आहे हे ठाऊक होतं आणि तिसऱ्याने विचारलं नव्हतं.

मुग्धाला लगेच बरं वाटलं असं झालं नाही. औषध बदलावं लागलं. एका समुपदेशकाशी पंधरवड्याला बोलणं असे, त्यातून ती कधी मोकळी होऊन बाहेर येई, कधी चिडून. ऑगस्टमध्ये एक आठवडा वाईट गेला. काकूंनी तेव्हा तिचं अंथरूण आपल्या खोलीत आणून टाकलं आणि काकांना हॉलमध्ये पाठवलं. काका म्हणाले, 'निवृत्तीनंतर बदली झालेला मी पहिलाच.'

त्याच सुमारास काकू एकदा आमचा पेपर हातात घेऊन जिना चढून आल्या. आतल्या पानावर एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येची बातमी होती. 'पेपरवाले, ह्या पोरीनं कसं केलं ते एवढं बैजवार कशाला छापलंय? कुठं जायचं, कुणाला सांगायचं, ते छापा की.' मी ते टेबलावर सांगितलं. काही दिवस पाळलं गेलं.

रुग्णालयाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये कुणी ना कुणी भेटणारच होतं. भेटल्या त्या जोशीवहिनी, एका कर्नलच्या पत्नी, मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे असणाऱ्या. कशासाठी तरी आल्या होत्या. पाटी वाचून थबकल्या.

'अगंबाई, काकू? तुम्ही इथे?'

'डोकं दाखवायला आलेय,' काकू म्हणाल्या. 'ही बिचारी सोबत आलीय माझ्या.'

जोशीवहिनींनी काकूंचा दंड हलकेच दाबला आणि मुग्धाकडे कौतुकाने पाहिलं. पुढच्या भिशीत मुग्धा गुणाची पोर ठरली. काकूंसाठी सगळ्यांचा आवाज एका पट्टीने खाली आला. लहान मुलांना त्यांच्याकडे सोडून बाजारात जाणाऱ्या दोन बायकांनी सोडणं बंद केलं. काकूंच्या ते लक्षात आलं होतं. रिकाम्या दुपारी त्या व्हरांड्यात बसून रस्त्याकडे बघत असायच्या. मुलांच्या गोष्टी निघाल्या की विषय बदलायच्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या बायका मोदकांच्या तयारीला समाजकेंद्राच्या हॉलमध्ये जमत. नारळ सेक्टर २६च्या मंडीतून यायचे आणि ते खवायचं काम दर वर्षी मानेकाकूंचं. मिक्सरमधला नारळ त्यांना मान्य नव्हता. त्या आपली विळी घेऊन येत. शिसवी पाटाची, पात्याच्या टोकाला दातेरी खवणी असलेली, लग्नात आईने दिलेली. ती प्रत्येक बदलीत सामानासोबत फिरली होती. मी त्या दिवशी नारळांची पोती गाडीतून आणून टाकायला आलो होतो आणि दाराशी उभा होतो.

काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी काढून ठेवली आणि हात धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा विळी जागेवर नव्हती. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, एका ताटाखाली होती. जोशीवहिनी फार मऊ आवाजात म्हणाल्या, 'काकू, तुम्ही आज नुसत्या बसा. आरतीच्या वाती करता का? छान होतात तुमच्या.' एकदोघींनी माना खाली घातल्या. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी मिळून, काळजीपोटी, तसं ठरवलं होतं.

काकूंनी ताटाकडे पाहिलं. त्यांना कळलं. एक वाक्य बोलून त्यांना सुटता आलं असतं. त्या 'बरं' म्हणाल्या, मांडी घालून बसल्या आणि कापूस जवळ ओढला.

मुग्धा सारण ढवळत होती. तिने गॅस बंद केला. भिंतीपर्यंत चालत गेली, ताट उचललं, विळी घेतली आणि काकूंपुढे आणून ठेवली.

'यांना काही झालेलं नाही,' ती म्हणाली. 'दवाखाना माझा आहे. जूनपासून मी जाते. या माझ्या सोबत येतात.' पुढचं तिने बाह्या वर सारून सांगितलं, शब्दांत नाही.

जोशीवहिनींचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी एक नारळ उचलला, फोडला, पाणी वाटीत धरलं आणि वाटी मुग्धापुढे केली. तिने ती घेतली. काकूंनी विळी उघडली. हॉलमध्ये बराच वेळ फक्त नारळ खवल्याचा आवाज होता.

परतताना गाडीत काकू भडकल्या होत्या. 'कशाला बोललीस? मला काय फरक पडत होता? माझं लग्न व्हायचं राहिलंय व्हय?'

'तुम्हाला वाती करताना बघवेना.'

'चांगल्या होतात माझ्या वाती.'

'फार वाईट होतात, काकू. विझतात लगेच.'

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. विमानतळाचा रस्ता आला, विमान आलं, गेलं, तरी त्या गप्पच होत्या. मग मुग्धा हळूच म्हणाली की हॉलमध्ये नळापाशी एका तरुण कॅप्टनच्या बायकोने तिला गाठलं होतं. विचारत होती, त्या डॉक्टरबाई सोमवारी असतात का.

काकूंनी विचारलं, 'मग? काय सांगितलंस?'

'म्हटलं, असतात. मी सोबतीला येते.'

बार्शीला कळायचं ते कळलं. एक स्थळ मागे फिरलं. आई येऊन आठवडाभर राहिली, पहिले दोन दिवस रडली, नंतर काकूंबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसून मटार सोलू लागली. मुग्धाची नोकरी टिकली. पुढच्या उन्हाळ्यात ती अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून रेहडीवर भेंडी घेताना दिसली. तिच्या हातांकडे कुणीच पाहिलं नाही, सगळे भेंडीकडे पाहत होते.

मानेकाका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. दाट धुक्याचे दिवस होते, विमानं जवळजवळ बंद होती. एअरोसिटीत इतकी शांतता मी तेव्हाच अनुभवली. दिवस-वार झाले, नातेवाईक परतले, धुकं उठलं, विमानं सुरू झाली. एके दिवशी काकू मला चहाचं विचारत होत्या, 'साखर' म्हणाल्या आणि विमान आलं. त्या थांबल्या. विमान गेलं. मी वाट पाहिली. त्यांनी वाक्य पुढे नेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. वाक्यं अर्धी राहू लागली. मटार पिशवीत सुकले. त्या जेवत नव्हत्या, झोप खरोखरच गेली होती, उन्हात खुर्ची टाकून दिली तरी आत जाऊन बसत. भेटायला येणारे म्हणत, दुःख आहे, ओसरेल. ओसरत नव्हतं. मुग्धाने दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा त्या चिडल्या. 'मला काय झालंय? मी लोकांना नेणारी बाई आहे.'

मुग्धाने थोडे दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी ती काकूंच्या दारात उभी राहिली. मी गाडीची किल्ली घेऊन मागे होतो.

'काकू, मला झोप लागत नाहीये. डॉक्टरांना दाखवून येते. तुम्ही फक्त सोबतीला चला.'

काकूंनी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. 'माझंच मला शिकवतेस?' म्हणाल्या. मग उठल्या, काकांचा निळा स्वेटर अंगात चढवला आणि बूट शोधू लागल्या.

रुग्णालयाच्या खिडकीवर रांग होती. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, 'मरीज़ कौन है जी?'

'मैं,' मुग्धा म्हणाली.

काकूंनी तिला हाताने बाजूला केलं आणि खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. 'ना जी. ये सोबत आयी है. आज पक्का मैं.'

त्या दिवशी आम्ही तिघेही सेक्टर १७ला गेलो. हिवाळा असूनही सॉफ्टी घेतली. काकूंची बरीचशी वितळली.

उपचार वर्षभर चालले. वाक्यं हळूहळू पूर्ण होऊ लागली. एका थंडीत पिशवीभर मटार पुन्हा माझ्या पुढ्यात आले. मग कोरेगावहून भाऊ आला. म्हणाला, ताई, आता किती दिवस परमुलखात. काकूंनी डॉक्टरबाईंना विचारून, साताऱ्यातल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी घेऊन मग होकार दिला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते विमानतळाच्या दाराशी. आयुष्य विमानांच्या आवाजात गेलं, पण तिकीट काढून विमानात बसायची ही पहिलीच वेळ. भाऊ सामानाची गाडी घेऊन पुढे होता. काकूंच्या हातातल्या पिशवीतून वर्तमानपत्राचा कोपरा डोकावत होता.

मुग्धाने विचारलं, 'त्यात काय आहे?'

'विळी.'

'काकू, ती आत सोडणार नाहीत.'

'का? मी काय विमान खवणार आहे?'

भाऊ मागे येऊन म्हणाला, मोठ्या बॅगेत टाकू, तिकडे चालते. काकू थोडा वेळ पिशवीत बघत राहिल्या. मग त्यांनी विळी बाहेर काढली, कागद नीट केला आणि ती मुग्धापुढे धरली.

'पाटाकडनं धर. चतुर्थीला नारळ तू खवायचास. मिक्सर लावलास तर मला कळंल.'

मुग्धाने विळी दोन्ही हातांनी घेतली. काकूंनी तिच्या उघड्या दंडावर हात ठेवला, आणि काढला. दारातल्या जवानाने तिकीट पाहिलं, 'चलो माता जी' म्हणाला. काकू दोन पावलं आत गेल्या आणि वळल्या.

'आणि मुग्धे, गोळ्या डॉक्टरबाईंना'

विमान उतरत होतं, अगदी डोक्यावर. काकू थांबल्या. हात तसाच वर, तोंड अर्धवट उघडं. मागे रांग खोळंबली, भाऊ हाका मारू लागला, जवान काहीतरी म्हणाला. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या मुग्धाकडे बघत उभ्या राहिल्या.

'विचारल्याशिवाय बंद करायच्या न्हाईत,' त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.